अ‍ॅम्पचं तोंड कुणीकडे

प्रिय भोंग्या,

तू रागावला आहेस असं आईनं सांगितलं. तिनं सांगितलं नसतं तरी कळलं असतं, कारण तुझे फोन यायचे थांबले आहेत, आणि रागावलास की तू आधी गप्प होतोस हे तू बोबडं बोलायचास तेव्हापासून मी बघते आहे. एवढ्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला, ताईला म्हटलं एका गाण्याला तरी ड्रम्सवर बस, तर ती हो म्हणेना की नाही म्हणेना, साधा फोनसुद्धा उचलेना, एवढी कसली गुर्मी, असं तू आईला म्हणालास म्हणे. गुर्मी नाही रे. काय उत्तर द्यायचं ते मला माहीत होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आत्ता दुकानात दुपारची सामसूम आहे. मालक जेवायला गेलेत, भिंतीवरच्या चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा माझ्याकडे बघत बसल्या आहेत, म्हणून काउंटरवरच लिहायला घेतलंय. माझं अक्षर अजून तसंच आहे. लावत बस.

आधी घरचं सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आईचा गुडघा बरा आहे. जिना उतरताना दुखतो, पण शेजारणीकडे जायचं असेल तर उतरतानाही दुखत नाही. तिला मी नवा चष्मा करून दिला, तो तिनं डबीत जपून ठेवलाय आणि जुन्याच चष्म्यातून मान मागे टाकून ती तुझे फोटो बघते. तू पाठवलेला प्रत्येक फोटो आधी मला दाखवला जातो, मग शेजारणीला, मग पुन्हा मला. आपली तालमीची खोली तीच आहे, छापखान्याच्या वरची. छापखान्याचे मालक मध्ये जिन्यात भेटले होते. म्हणाले, तुझा भाऊ मोठ्या बँडमध्ये गेल्यापासून आमची यंत्रं किती खडखडतात ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. तुझी आठवण काढायची ही त्यांची पद्धत.

पण खरंच, काय धूड आणलं होतंस रे ते! जिन्यात बेसवाल्याचा अंगठा चेमटला होता, आठवतं? मैदानावर गर्दीसमोर वाजवायचा गिटारचा अ‍ॅम्प, चार स्पीकरांच्या पेटीसकट, आपण एवढ्याशा खोलीत आणून ठेवला. तू बटण तीनवर नेलंस आणि एक तार छेडलीस. मी काठी उचललीसुद्धा नव्हती, तरी माझ्या झांजा आपोआप थरथरायला लागल्या. खाली छापखान्यात कुणीतरी घाबरून यंत्र बंद केलं. मी म्हटलं, कमी कर. तर तू मलाच शिकवायला लागलास, की ताई, हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आहे, तापला आणि ताणला की मगच त्याचा गळा सुटतो, कमी ठेवला तर गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. तुझं खोटं नव्हतं. पाचच्या पुढे गेला की अंगावर काटा यायचा. मी तोंडानं शिव्या देत असायचे आणि मनातून म्हणायचे, अजून थोडा वाढव. फक्त त्या खोलीत पाच म्हणजे बाकीच्यांचं मरण होतं.

मग आपले उपाय सुरू झाले. भिंतीकडे तोंड करून ठेवला, तर भिंतच बोलायला लागली. आईची जुनी रजई त्याच्यावर टाकली, तर तालीम संपायच्या आत करपल्याचा वास आला, आणि त्यानंतर आईनं आपल्या दोघांना जे सुनावलं त्यापुढे अ‍ॅम्प काहीच नव्हता. साउंडवाल्या काकांनी मात्र अचूक दुखणं ओळखलं होतं. ते म्हणाले, अरे बाबा, पेटी जमिनीवर, स्पीकर तुझ्या पोटऱ्यांशी, तुझे पाय काय ऐकणार आहेत? तुला वाटतं आवाज कमी येतोय, तू वाढवतोस, आणि तो सगळा जाऊन आदळतो पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कपाळावर. खुर्चीवर ठेव, मागे कलता कर, तुझ्या डोक्याच्या दिशेनं येऊ दे, आपोआप कमी करशील. ठेवला खुर्चीवर. कमी केलास तू, नाही असं नाही, पण दोन गाण्यांपुरता. नंतर टाळ्या पडत असताना मागे सरकायचास आणि पाठीमागे हात नेऊन करंगळीनं बटण फिरवायचास. तुला वाटायचं कुणाला दिसत नाही. अरे, मी तुझ्या मागेच बसलेली असायचे!

आणि तू एक वाढवलास की सगळी साखळीच हलायची. तुझ्यामुळे बेसवाल्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येईना, म्हणून तो वाढवायचा. तुम्हा दोघांच्या वर यायला मी जोरात हाणायचे. गायिकेच्या माइकचा आवाज काका वाढवायला जायचे आणि माइक शिट्टी मारायचा. दोन गाण्यांतच आपला कार्यक्रम म्हणजे एकमेकांवर ओरडणारं घर व्हायचा. तालमीसाठी छोटा अ‍ॅम्प मागून आणला, तर तू तो लहान पोराची सायकल चालवायला दिल्यासारख्या तोंडानं वाजवलास. नंतर तूच तो डबा आणलास, अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये लावायचा, आवाज गिळणारा. छान चालत होता की तो! पण तुझं म्हणणं, आवाजाबरोबर जीवही गिळतो. मग तो डबा दर वेळी घरी विसरायला लागला. असा विसरभोळा डबा मी दुसरा पाहिला नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती तुला कधी सांगितली नव्हती. त्या वार्षिक कार्यक्रमात पहिल्या रांगेतली माणसं उठून मागे जाऊन बसली होती, त्याच्या नंतरच्या तालमीतली गोष्ट. तू खाली चहा आणायला गेला होतास. गायिका म्हणाली, ताई, तुला वाईट वाटेल, पण माझा गळा बसतोय रोज, आता एक तर तो अ‍ॅम्प नाही तर तुझा भाऊ. बेसवाला बुटाची नाडी बांधत बसला, म्हणजे त्याचंही तेच म्हणणं होतं. काकांनी हात वर केले. त्यांचं सगळ्यांचं बरोबर होतं. पण तू जिन्यावर शीळ घालत येत होतास, हातात सगळ्यांचे कप, आणि मला तुझा तो चेहरा दिसला, जो दुसऱ्या मिनिटाला पडला असता. त्या वेळी तुझ्याकडे नोकरी नव्हती, दुसरं काहीच नव्हतं. मी म्हटलं, थांबा. अ‍ॅम्प माझ्याकडे वळवा.

साधी गोष्ट होती. पेटीचं तोंड लोकांकडे असतं म्हणून लोकांना लागतं, गायिकेच्या पाठीमागून येतं म्हणून माइकमध्ये शिरतं. ते तोंड आडवं करायचं, माझ्या डाव्या हाताला पेटी ठेवायची, माझ्याकडे तोंड करून. लोकांना हवं तेवढं काका मिक्सरमधून सभागृहाच्या स्पीकरांवर देतील. तू अ‍ॅम्पच्या आणि माझ्या मध्ये उभा राहशील, तुला हवा तेवढा ताण, आणि मी काय, मी तर झांजांच्या जंगलातच राहते, मला काय होणार! वर माझी सोयही होती, तुझा हात मला लख्ख ऐकू यायचा, तू कुठे खेचणार, कुठे सोडणार हे आधी कळायचं. पहिल्याच कार्यक्रमात सगळे खूश. गायिकेनं मला मिठी मारली. काका म्हणाले, ही मुलगी इंजिनिअर व्हायला हवी होती. तू त्याला नाव दिलंस, 'ताईची युक्ती', आणि जाईल तिथे पेटी मांडतानाच ओरडायचास, अ‍ॅम्पचं तोंड ताईकडे! मीही फुशारले होते.

कानात घालायचे बोळे मी वापरून पाहिले नाहीत असं नाही. पण ते घातले की झांज पत्र्याच्या डब्यासारखी वाटायची आणि गायिका तर दुसऱ्या घरातून गात असल्यासारखी. दोन कार्यक्रम घातले आणि कुठेतरी टाकून दिले. कार्यक्रमानंतर कान वाजायचे, सकाळी उठलं की थांबलेले असायचे. तुझेही वाजायचे, सगळ्यांचेच वाजायचे, त्यात काय सांगायचं! पुढे ते सकाळी थांबेनात, दुपारी थांबायला लागले. मला वाटलं, झोप कमी होतेय.

मग तू गेलास. मोठा बँड, मोठी स्टेजं, तुझ्या अ‍ॅम्पला शेवटी त्याच्या मापाची जागा मिळाली. तुझ्या जागी आम्ही एक बँकवाला घेतला. फार सज्जन. अ‍ॅम्प एवढासा, पायाशी ठेवतो, आणि बटणाला हात लावायच्या आधी सगळ्यांना विचारतो, चालेल ना? पहिल्या तालमीत मला तो सापडेचना. बोटं हलताना दिसत होती, बाकी काही नाही. मी म्हटलं, जरा वाढवा. त्यानं वाढवलं. मी म्हटलं, अहो, लाजू नका, वाढवा. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा गायिकेनं कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ताई, आता तूसुद्धा? सगळे हसले. मीही हसले. भोंग्या गेला आणि त्याचं भूत बहिणीत शिरलं, असं बेसवाला म्हणाला आणि ते आमच्यात दिवसभर चाललं.

मग माझी मोठी झांज बिघडली. तिची ती लांबत जाणारी शेपटी असते ना, नुसती ठक् वाजून थांबायला लागली. मला वाटलं, कुठे बारीक चीर गेली असेल. बोट फिरवून पाहिलं, काही सापडेना. दुकानात घेऊन गेले, ते म्हणाले, उत्तम आहे हो, आणि वाजवून दाखवली, आणि मी त्यांच्याशी भांडले. नवी घेतली. तीही ठक्. त्या दुकानात उभी असताना दुसऱ्या कुणाचंतरी लहान पोर ती झांज वाजल्यावर डोळे मिटून, मान कलती करून ऐकत राहिलं होतं. मी ठक् ऐकून मोकळी झाले होते आणि ते पोर अजून ऐकतच होतं. तेव्हा मला कळलं.

कानाचे डॉक्टर तरुण आहेत, शांत आहेत. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी इथे लोकांना दिवसभर विचारते, हे अक्षर स्पष्ट दिसतं की हे, आणि ते अंदाजपंचे बोलले की मला लगेच समजतं. तशीच मी तिथे अंदाजानं बटण दाबत होते, आणि काचेपलीकडे त्यांना समजत होतं. बारीक, उंच आवाज आधी जातात म्हणाले, जाडे राहतात. जे गेलं ते परत येत नाही. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. यंत्र लावता येईल, त्यानं बोलणं जरा सोपं होईल. मोठ्या आवाजात बसणं आजपासून बंद, नाहीतर उरलेलंही जाईल. एका कानाचं दुसऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त गेलंय, तुमच्या डाव्या बाजूला काय असायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ.

म्हणून फोन उचलत नाही, वेड्या. फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. एकदा उचलला होता, तू काहीतरी विचारलंस, मी हो हो म्हटलं, आणि तू तेच पुन्हा विचारलंस. काय विचारलं होतंस ते मला अजून माहीत नाही. नंतर उचलायची हिंमतच झाली नाही. दुकानात गिऱ्हाइकांच्या ओठांकडे बघून काम चालतं, पण चष्मा लावून आरशात बघत कुणी पाठमोरं बोललं की संपलं. आई आता समोर येऊन उभी राहिल्याशिवाय बोलत नाही. बोलताना तोंड इतकं मोठं उघडते की मला हसू येतं, आणि मग तिचे डोळे भरतात. तालमीला जायचं मी सोडलंय. काठ्या घरी उशीवर वाजवते. उशीवर सगळं अगदी पूर्वीसारखंच वाटतं.

तेव्हा तुझ्या कार्यक्रमाचं उत्तर नाही असं आहे. आईनं मला शपथ घातली होती, त्याला कळू देऊ नकोस, तो गिटार फेकून देईल. मलाही तेच वाटत होतं. काहीतरी सबब सांगणार होते, मनगट दुखतं, दुकानातून सुट्टी नाही. आणि खोटं कशाला बोलू, तुझ्यावर राग येत नाही असंही नाही. येतो. सकाळी डोळे उघडतात आणि कानातली ती शिट्टी आधीच जागी असते, तेव्हा तुला आणि तुझ्या धूडाला मी काय काय म्हणते ते आईनं ऐकलं तर मला घराबाहेर काढेल. मग झांजा आठवतात, त्या तर माझ्याच हातातल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, कुणाचा किती वाटा हे कुणालाच सांगता येणार नाही. पेटी मीच वळवून घेतली होती. पुन्हा तू तसाच शीळ घालत जिना चढून आलास तर मी दुसरं काय करेन, ते मला अजून सुचलेलं नाही.

हे सगळं मी पोटातच ठेवणार होते. पण काल आईनं तुझा नवा फोटो दाखवला. तुमची तालीम चालली आहे, मागे तुमचा दाढीवाला ड्रमर हसतोय, नुकताच बाप झालेला, आणि त्याच्या डाव्या हाताला तुझी पेटी आहे, खुर्चीवर, त्याच्याकडे तोंड करून. कानात त्याच्या काही नाही. खाली तू लिहिलं आहेस, 'ताईची युक्ती इथेही चालली, सगळे खूश.' आईला काही कळलं नाही, किती छान दिसतोय म्हणाली, आणि शेजारणीकडे घेऊन गेली. नुसतं पेटी फिरव असं कळवलं असतं तर तू हसून सोडून दिलं असतंस, तुला मी ओळखते, म्हणून सगळं लिहावं लागलं. इथून माझा हात तुझ्या बटणापर्यंत पोचत नाही रे. आज तालमीला जाशील तेव्हा आधी ती पेटी त्याच्यापासून वळव, कमी कर, लोकांना मिक्सरमधून जाऊ दे. त्याला कानाच्या मापाचे बोळे करून घ्यायला लाव, तूही घे, झांज डब्यासारखी वाटली तरी घाला. त्याला माझं सांग, सगळं सांग, लाजू नकोस. ते झाल्यावर हवं तेवढं रड, मला हवं ते म्हण, पण फोन करू नकोस, लिहून पाठव. नाहीतर ये, आणि माझ्या समोर बसून बोल.

तुझीच,
ताई